किंग्ज अ‍ॅबटचा खून: १६व्या प्रकरणावर थांबा आणि खुनी ओळखा

शेवटचे_पान

अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड', १९२६. किंग्ज अ‍ॅबट गावातल्या फर्नली या घरात घरमालक रॉजर अ‍ॅक्रॉइडचा खून होतो आणि डिटेक्टिव्ह पॉयरो तपास करतो. एकूण प्रकरणे २७. आपण १६व्यावर थांबायचे, म्हणजे माहजाँगचा डाव संपतो तिथे. पुढचे वाचलेल्यांनी उत्तर फोडू नये. कुणाचा तर्क पुराव्याशी जुळत नसेल तर तेवढे जरूर दाखवावे.

"मला बटलरवर संशय आहे" एवढ्यावर भागणार नाही. तुमच्या माणसाला खंजीर कधी मिळाला, तो खोलीत कसा शिरला, दार आतून बंद कसे झाले आणि साडेनऊला आतून आलेला आवाज कोणाचा, हे सगळे सांगावे लागेल. उजळणीपुरते खुनाच्या शुक्रवारचे वेळापत्रक देतो:

संध्याकाळी ७.३० – डॉ. शेपर्ड (निवेदक) फर्नलीला जेवायला येतो. हातात काळी बॅग.
८.४० – बटलर पार्कर टपाल आणतो. त्यात गावातल्या मृत विधवा मिसेस फेरर्सचे पत्र.
८.५० – डॉक्टर अभ्यासिकेतून बाहेर पडतो.
९.०० – फाटकाशी डॉक्टरला एक अनोळखी माणूस भेटतो.
९.३० – सेक्रेटरी रेमंडला बंद दारातून अ‍ॅक्रॉइडचा आवाज ऐकू येतो.
९.४५ – पुतणी फ्लोरा म्हणते, मी काकांना शुभरात्री म्हणून आले.
१०.१५ – डॉक्टरच्या घरी फोन: अ‍ॅक्रॉइडचा खून झालाय. फोन केल्याचे पार्कर नाकारतो. तपासात निघते की तो गावच्या रेल्वे स्टेशनवरून झाला.

खलबत्ता

पार्कर. दारापाशी घुटमळताना तो सापडलाच आहे, 'ब्लॅकमेल' हा शब्दही त्याने ऐकलाय. पत्र नाहीसे होण्यात ज्याला फायदा तो खुनी, हे धरून चाला. मिसेस फेरर्सने नवऱ्याला विष घातले, कुणीतरी ते ओळखले आणि वर्षभरात तिच्याकडून २०,००० पौंड उकळले. त्या माणसाचे नाव पत्रात होते. घरातल्या टपालाला हात लावणारा पहिला माणूस बटलर.

घड्याळजी

खलबत्ताभाऊ, टपाल त्याच्या हातून गेले हेच तुमच्या विरुद्ध जाते. पत्रात आपले नाव असेल अशी त्याला शंका असती तर ते ट्रेवरून मालकापर्यंत पोचलेच नसते. शिवाय फोनचे काय? १०.१५ला पार्कर घरात होता. साथीदार धरावा लागेल, आणि साथीदार धरला की कोणीही खुनी ठरू शकतो.

जाता जाता: पहिल्याच ओळीत १६ सप्टेंबर गुरुवार दिलाय. १९२६च्या कॅलेंडरात तो गुरुवारच येतो. पण पुस्तक बाजारात आले त्याच वर्षीच्या जूनमध्ये, आणि लंडनच्या 'इव्हनिंग न्यूज'मध्ये ते क्रमशः आले १९२५ला. तारखेवरून काही निघत नाही, पण ही बाई वेळेच्या बाबतीत ढिसाळ नाही एवढे लक्षात ठेवा.

उंबरठा

अ‍ॅक्रॉइडचा सावत्र मुलगा राल्फ पेटन निर्दोष आहे, यावर दुमत नसावे. खिडकीच्या चौकटीवर त्याच्या बुटांचे ठसे, डोक्यावर कर्ज, मृत्युपत्रात सगळी उरलेली मालमत्ता त्याला, आणि तो गायब. एवढे सगळे एकाच्या माथी मारले की तो सुटणार.

खरा प्रश्न असा की ठसे त्याच्या बुटांचे आहेत, पण पाय कोणाचे? 'थ्री बोअर्स' खानावळीतल्या त्याच्या खोलीतून जोडी उचलता येईल असा कोण? त्या दिवशी त्याला भेटून आलेली माणसे मोजा.

रातकिडा

माझा संशय रेमंडवर. मृत्युपत्रातून त्याला ५०० पौंड मिळतात आणि तो कर्जात आहे. साडेनऊच्या आवाजाची गोष्टही पहिल्यांदा त्यानेच सांगितली. ते वाक्य पुन्हा वाचा. मालक म्हणतोय की अलीकडे माझ्या खिशाला इतक्या वेळा हात घातला गेलाय की आपली विनंती मान्य करणे मला अशक्य वाटते. समोर बसलेल्या माणसाशी असे कोण बोलते?

घड्याळजी

रातकिडा, वाक्य अचूक पकडलेत, माणूस चुकीचा पकडलात. रेमंडने ते रचले असते तर नैसर्गिक रचले असते. हे पत्राचे वाक्य आहे. मजकूर सांगताना माणूस असा बोलतो. पण मजकूर उतरवून घेणारा सेक्रेटरी तर बंद दाराबाहेर. मग अ‍ॅक्रॉइड सांगत कोणाला होता?

याला जोडून आठवा: डिक्टाफोन कंपनीचा माणूस घरी येऊन गेला होता. रेमंड म्हणतो, यंत्र घेतले नाही. म्हणजे घेतल्याचे रेमंडला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळचा डिक्टाफोन मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरायचा आणि तोच परत ऐकवायचा. साडेनऊला फक्त अ‍ॅक्रॉइडचा आवाज ऐकू आला, दुसरा कोणाचाच नाही.

खलबत्ता

अरेच्चा. म्हणजे साडेनऊला तो मेलेला असू शकतो?

उंबरठा

पण पावणेदहाला फ्लोराने जिवंत पाहिलाय की!

घड्याळजी

फ्लोराने तसे *सांगितलेय*. माझा सगळा खटाटोप याच एका गोष्टीसाठी आहे. रहस्यकथा वाचताना वहीत तीन रकाने आखा: घटना, ती कोणी सांगितली, दुजोरा कोणाचा. तिसरा रकाना रिकामा असेल ती ओळ पेन्सिलीने लिहा, पेनने नाही. बहुतेक वाचक चुकतात ते इथे: एखाद्या पात्राचे म्हणणे लेखकाने सांगितलेली वस्तुस्थिती म्हणून पेनने लिहून टाकतात.

९.४५ला पार्करला ती कुठे दिसली? दाराबाहेर, हात मुठीवर. आतून बाहेर येताना नव्हे. दुजोरा शून्य.

पाणपोई

घड्याळजींचा नियम पाळून मी पूर्ण यादी पुन्हा तपासली. दुजोऱ्याशिवाय कोणाची वाक्ये सगळ्यात जास्त, माहीत आहे? निवेदकाची.

अभ्यासिकेची खिडकी आतून बंद होती, हे एकट्या डॉक्टरने सांगितले. ८.५०ला अ‍ॅक्रॉइड जिवंत होता, हेही त्यानेच. पत्र तेव्हा न वाचलेले होते, तेही त्यानेच. फोनवर काय बोलणे झाले तेही त्यानेच. फोन आला हे खरे, तो लावल्याची नोंद आहे, पण पलीकडून काय सांगितले ते बहीण कॅरोलाइनने ऐकले नाही. आणि मृत्यूच्या वेळेचा वैद्यकीय अंदाज देणाराही तोच. पोलीस त्या अंदाजावर सगळ्यांचा ठावठिकाणा तपासत बसले.

रातकिडा

पाणपोई, निवेदकावर संशय घेतला तर मग खेळच मोडला. तो म्हणजे पॉयरोचा मदतनीस. नेहमीचा साथी हेस्टिंग्ज नाहीये म्हणून त्याच्या जागी आलेला.

पाणपोई

त्या खुर्चीत बसलाय म्हणूनच आपण त्याला तपासत नाही. नाव बाजूला ठेवा, फक्त हालचाली बघा.

खंजीर: जेवणाआधी तो दिवाणखान्यात थोडा वेळ एकटा होता आणि चांदीच्या वस्तूंच्या टेबलाचे झाकण त्याने स्वतः उचलून पाहिले, असे तोच लिहितो. बूट: त्याच दिवशी तो 'थ्री बोअर्स'ला राल्फच्या खोलीत जाऊन आला, असेही तोच लिहितो. उंबरठाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे. हेतू: मिस्टर फेरर्सवर उपचार करणारा आणि मृत्यूचे कारण जठराचा दाह म्हणून लिहिणारा डॉक्टर हाच. विष घातल्याचे कोणाला कळले असेल तर आधी त्याला. आणि पैसा: तिसऱ्या प्रकरणात तो पॉयरोला सांगतो की वर्षभरापूर्वी वारशाने रक्कम मिळाली आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणीत बुडाली. वर्षभरापूर्वीच मिस्टर फेरर्स वारला. त्या वारशाला दुजोरा आहे का? कॅरोलाइनसारख्या बहिणीला वारशाची खबर नसावी?

खलबत्ता

कॅरोलाइनला दूधवाला, मोलकरीण आणि अख्खी खानावळ बातम्या पुरवते. तिला माहीत नसलेला वारसा म्हणजे नसलेला वारसा. हे मला पटले.

उंबरठा

पण वेळ बसत नाही. ८.५०ला बाहेर, ९ला फाटकावर. त्यात काय करणार?

घड्याळजी

उलट विचारा. घर ते फाटक हे चालायचे अंतर किती? पाच मिनिटे. थंड रात्र आहे, माणूस रमतगमत जाणार नाही. मग उरलेली पाच मिनिटे कुठे गेली? त्याने वेळ कमी सांगितला असता तर कुणी पकडले नसते, पण दोन्ही टोके त्याच्या हातात नाहीत. निघण्याची वेळ पार्करला ठाऊक आहे, पोचण्याची चर्चच्या घड्याळाने सांगितली.

हाताशी पाच मिनिटे. खिडकीची कडी आधीच काढलेली असेल, तर बाहेर येऊन राल्फचे बूट चढवायचे, खिडकीतून आत, अभ्यासिकेचे दार आतून लावायचे, खिडकीतून बाहेर, बागेतल्या कुटीत बूट बदलायचे आणि फाटकाकडे पळायचे. खून ८.४० ते ८.५०मध्ये, आत बसलेला असतानाच. खिडकीचा फेरा फक्त दार लावण्यासाठी आणि ठसे उमटवण्यासाठी.

रातकिडा

आणि फोन? तो स्वतःच्या घरी बसून स्टेशनवरून फोन कसा करेल?

पाणपोई

करायची गरज नाही. कोणालातरी "स्टेशनवरून मला एवढा निरोप कळव" म्हणून सांगायचे. स्टेशनवर एक फोन, आणि १०.२३ची लिव्हरपूलची मेल. फोन करणारा गाडीने निघून गेला. सकाळी त्याच्या दवाखान्यात कोण कोण रोगी आले होते ते बघा. कॅरोलाइनकडे यादी आहेच.

फोन हवा कशासाठी हा जास्त चांगला प्रश्न आहे. खून सकाळी सापडला असता तर खुन्याला काय अडचण? अडचण एकच: यंत्र. ते त्या रात्रीच, इतर लोक खोलीत शिरायच्या आत उचलायला हवे. म्हणून खुनी प्रेत सापडताना तिथे हवा. आता पार्करने सांगितलेली खुर्ची आठवा. प्रेत सापडले तेव्हा मोठी पाठीची खुर्ची भिंतीपासून ओढून दार आणि खिडकी यांच्या मध्ये आणलेली होती, नंतर ती जागेवर गेली. मागच्या टेबलावरची वस्तू दारातून दिसू नये म्हणून ओढली. जागेवर कोणी नेली? पार्कर पोलिसांना फोन करायला गेला तेव्हा खोलीत एकटा कोण होता?

आणि काळी बॅग.

शेवटचे_पान

मी तटस्थ. १६ प्रकरणांतल्या माहितीवर एवढे जमते की नाही, ते पुढे कळेल. १९व्यापर्यंत वाचून परत या.

उंबरठा

१९ झाले. फ्लोराने कबूल केले, ती अभ्यासिकेत गेलीच नाही. वरच्या बेडरूममधून ४० पौंड चोरून जिना उतरत होती, पार्करची चाहूल लागली म्हणून दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली. घड्याळजींचा रिकामा तिसरा रकाना!

याचा परिणाम फक्त एक संशयित सुटण्यावर नाही. ९.४५पर्यंत तो जिवंत होता हे गृहीत धरून ज्यांचा ठावठिकाणा पक्का मानला होता, तो सगळा पुन्हा उघडा पडला. पहिल्या यादीवर काट मारलेली सगळी नावे परत आत.

खलबत्ता

पार्करने आधीच्या मालकाला ब्लॅकमेल केले होते हेही निघाले. म्हणजे तो ब्लॅकमेलर होता, पण *या* प्रकरणातला नव्हे. पॉयरो म्हणाला होता की तुमच्यापैकी प्रत्येकजण काहीतरी लपवतोय. म्हणजे खोटे बोलणे हा पुरावा धरायचा नाही, कारण सगळेच बोलतात. बाकीच्यांच्या खोट्यामागे स्वतःची लाज आहे. फ्लोराची आई मिसेस अ‍ॅक्रॉइडने ते टेबलाचे झाकण उघडे टाकले ते कर्जापायी, घराची व्यवस्था पाहणाऱ्या मिस रसेलने विष आणि अमली पदार्थांची चौकशी केली ती तिच्या मुलापायी. खंजिरावरचे ठसे अ‍ॅक्रॉइडच्या स्वतःच्या बोटांचे निघाले, म्हणजे इन्स्पेक्टर रॅग्लनचा तोही धागा तुटला.

रातकिडा

२७ पूर्ण. (खाली रहस्यभेद आहे, ज्यांना नको त्यांनी इथेच थांबा.)

पाणपोई आणि घड्याळजी, दोघांना दंडवत. जहाजावरच्या स्टुअर्डचा खुलासा थेट बिनतारी संदेशाने आला: डॉक्टरने दिलेली चिठ्ठी एका रोग्याच्या घरी पोचवायची आणि स्टेशनवरून उत्तर काय ते फोनवर कळवायचे. उत्तर होते "उत्तर नाही". पाच मिनिटांच्या हिशोबाची चाचणी पॉयरोने स्वतः करून पाहिली, फाटकापर्यंत पोचण्यासकट सगळ्या कृत्यांना दहा मिनिटेच लागतात.

पण मला राग आलाय. निवेदक खोटे बोलला हे फसवणूक नाही का? रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्सचे १९२९चे दहा नियम म्हणतात की ज्याच्या मनातले विचार वाचकाला दाखवलेत तो गुन्हेगार नसावा, आणि डिटेक्टिव्हच्या मदतनीसाने काही लपवू नये.

घड्याळजी

पहिली गोष्ट, कादंबरी १९२६ची, नियम १९२९चे. अमेरिकन लेखक व्हॅन डाइनचे असेच नियम १९२८चे. नियम नंतर आले, आणि त्यांत या कादंबरीमुळे झालेल्या गलक्याचाही वाटा असावा असे मानायला जागा आहे.

दुसरी, तो खोटे फारच थोड्या ठिकाणी बोलतो. बहुतेक ठिकाणी लिहीतच नाही. ८.४०ला पत्र आले, ८.५०ला मी निघालो, अ‍ॅक्रॉइडने पत्र तोवर वाचले नव्हते, दारावर हात ठेवून मागे पाहिले आणि काही राहून गेले नाही ना असा विचार केला. यातले एकही वाक्य खोटे नाही. दोन वेळांमधली दहा मिनिटे एका वाक्यात गडप झालीत. प्रेत सापडल्यावर पार्कर फोनला गेला तेव्हा 'जे थोडे करायचे होते ते केले' अशा अर्थाची ओळ आहे, ती तर भर चौकात ठेवलेली. शेवटच्या प्रकरणात तो स्वतःच या वाक्यांचे कौतुक करतो, हे मला थोडे जास्त झाले असे वाटते.

खरोखर खोटे म्हणावे असे फोनवरचे बोलणे. ते मात्र तो संवाद म्हणून बोलतो, निवेदन म्हणून नाही. हा फरक मी फार महत्त्वाचा मानतो. दुसऱ्या वाचनात निवेदनाची आणि संवादाची वाक्ये वेगळ्या रंगांत अधोरेखित करा, किती थोडी जागा उरते ते दिसेल.

उंबरठा

कल्पना तिची एकटीची नव्हती हेही सांगा. मेहुणा जेम्स वॉट्स आणि लॉर्ड माउंटबॅटन, दोघांकडून 'मदतनीसच खुनी' अशा प्रकारची सूचना आली होती. सूचना सोपी होती. दहा मिनिटांचे हे बांधकाम अवघड.

खलबत्ता

मला एक भोक दिसते. ९ ते ९.३०मध्ये कोणीही दार ठोठावले असते तर? आतून उत्तर नाही. यंत्र साडेनऊलाच सुरू होणार.

पाणपोई

त्यासाठी निघताना पार्करला सांगून ठेवले आहे की साहेबांना कोणी त्रास देऊ नये. त्यांच्या सवयीशी जुळणारी सूचना, म्हणून कोणाला वावगे वाटले नाही. तरी धोका राहतोच. वेळेवर सुरू होणारे यंत्र बनवायला निवेदकाला यंत्रांची आवड आहे, घरात वर्कशॉप आहे, हे मधेमधे पेरलेय. पण डिक्टाफोन नेमका हवा तो तुकडा ऐकवेल याची खात्री कुठून आणली, हे पुस्तक फार स्पष्ट करत नाही. माझ्या मते सगळ्यात कच्चा टाका हाच.

कंदील

उशिरा आलो. १९४५ला समीक्षक एडमंड विल्सनने 'न्यूयॉर्कर'मध्ये 'अ‍ॅक्रॉइडला कोणी मारले याची फिकीर कोणाला?' अशा शीर्षकाचा लेख लिहिला. फिकीर कोणाला असते त्याचे उत्तर हा धागा आहे. २०१३ला ब्रिटनच्या गुन्हेकथा-लेखकांच्या संघटनेने हिलाच सर्वकालीन श्रेष्ठ गुन्हेकथा निवडले.

पण फ्रेंच समीक्षक पिएर बायारचे १९९८चे पुस्तक वाचलेय का कोणी? त्याचे म्हणणे, शेपर्डची कबुलीच खोटी. खरी खुनी कॅरोलाइन, आणि भाऊ तिला वाचवतोय. पुरावा म्हणून तो पॉयरोच्या तर्कातली भोके दाखवतो, त्यात खलबत्ताचे भोकही बसेल.

रातकिडा

कॅरोलाइन! मला आवडला हा तर्क.

घड्याळजी

आवडण्यासारखा आहे, पण तीन रकान्यांत घाला. स्टुअर्डचा संदेश जहाजावरून आलाय, शेपर्डच्या तोंडून नाही. त्यात चिठ्ठी देणारा डॉक्टर आहे. बूट खानावळीतून आणले. तिथे गेल्याची कॅरोलाइनची नोंद नाही, डॉक्टरची आहे. राल्फच्या बुटांचा रंग पॉयरोने तिच्याकडूनच विचारून घेतला, आणि ती तो मोलकरणीमार्फत शोधत होती. खुनी असती तर खानावळीकडे बोट दाखवणारी चौकशी इतक्या उत्साहाने केली नसती. शिवाय अभ्यासिकेत ८.४० ते ८.५०मध्ये तिला कोण घेऊन गेले? पार्करने दार उघडल्याशिवाय फर्नलीत कोणी येत नाही.

कंदील

खिडकी.

घड्याळजी

खिडकी उघडी होती असे सांगायलाही कोणीतरी दुजोरा देणारा हवा. नाहीतर पेन्सिल.

शेवटचे_पान

ज्यांनी वेळापत्रक वहीत उतरवलेय त्यांनी बायारच्या बाजूने एक प्रयत्न करून पाहा: कॅरोलाइन ७.३० ते १०.१५ कुठे होती, हे निवेदकाव्यतिरिक्त कोण सांगते? प्रकरणाच्या क्रमांकासह द्या. मी शोधले, उत्तर वाटते तेवढे सोपे नाही.